परसातला निराळा मका : चव घ्या, पण वाण राखा



मका म्हटला की आज आपल्यापुढे दोनच प्रकार येतात. एक, शेतातला संकरित पिवळा मका. तो बाजारात जातो आणि तिथून कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि अलीकडे इथेनॉललाही जातो. दुसरा, गाडीवर उकडून मिळणारा गोड मका. पण मक्याचं घराणं याहून फार मोठं आहे. पांढरा, लाल, जांभळा, ठिपक्याठिपक्यांचा, लाह्यांचा, भातासारखा चिकट होणारा, असे कितीतरी प्रकार त्यात आहेत. हे बाजारात सहसा मिळत नाहीत. ज्याला त्यांची चव घ्यायची असेल त्याने ते आपल्या परसात लावावेत, हाच एक मार्ग.

आजच्या भाषणात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. निराळा मका परसात कसा लावावा आणि त्याची चव केव्हा, कशी घ्यावी ही पहिली. दुसरी त्याहून महत्त्वाची. मक्याचं लग्न वारा लावतो. तुमच्या परसात लाख मोलाचं गावरान बी असलं, तरी शेजारच्या शेतातला पराग वाऱ्यावर येऊन ते एका हंगामात मिसळून टाकतो. मग पुढच्या वर्षी कणीस तेच दिसतं, पण चव गेलेली असते.

मक्याचे मूळ आणि प्रकार

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो घडवला. आपल्याकडे तो पुष्कळ उशिरा, अमेरिकेचा शोध लागल्यानंतर आला. पण आल्यावर डोंगराळ मुलखात रुजला. आपल्या सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आजही घरोघरचा मका आहे आणि त्याची भाकरी रोजच्या जेवणात आहे. सिक्कीममध्ये तर एका ताटाला पाच-सात लहान कणसे धरणारा, लाह्या होणारा जुना मका आहे. शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याची नोंद केली आणि त्याला 'सिक्कीम प्रिमिटिव्ह' म्हटले.

परसात लावण्याजोगे प्रकार असे समजून घ्या.

कठीण दाण्याचा गावरान मका : दाणा चकचकीत आणि टणक. कोवळेपणी भाजून खायला उत्तम, वाळल्यावर भाकरीला आणि कण्यांना.

लाह्यांचा मका : दाणा बारीक, साल जाड. कोवळा खाऊन उपयोग नाही. तो वाळूनच गोडी देतो.

गोड मका : दाण्यातली सगळी साखर पिठात रूपांतरित होत नाही, म्हणून गोड. वाळला की दाणा सुरकुततो. बाजारात याचे बी बहुधा संकरित मिळते. ते घरी राखले तर पुढच्या पिढीत फाटाफूट होते, म्हणून ते दरवर्षी नवीन घ्यावे लागते. घरी बी राखायचे असेल तर सरळ वाणाचे बी मागा.

चिकट मका : साध्या मक्याच्या पिठात दोन प्रकारचे स्टार्च असतात. या मक्यात जवळजवळ सगळा एकच, चिकट प्रकार असतो. मिझोराममध्ये याला 'मिमबान' म्हणतात आणि तिथे तो आवडीने उकडून खातात.

रंगीत मका : जांभळा, निळा, लाल किंवा एकाच कणसात सात रंगांचा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात कार्ल बार्न्स या शेतकऱ्याने जुनी बियाणी गोळा करून काचमण्यांसारख्या दाण्याचा एक मका तयार केला. २०१२ मध्ये त्याचे चित्र जगभर गाजले. त्याचे बी आता आपल्याकडेही विकले जाते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो कठीण दाण्याचा, लाह्यांच्या जातीचा मका आहे. गोड मक्यासारखा उकडून खाल तर निराशा होईल. त्याच्या लाह्या करा किंवा पीठ दळा.

रंगीत दाण्यांवरचे ठिपके म्हणजे रोग नव्हे, बरं का. अशाच ठिपक्यांचा अभ्यास करून बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीने दाखवून दिले की काही गुणघटक आपली जागा बदलतात. त्या कामासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक ओळ नको, चौक हवा

परसबागेत बहुतेक लोक मका कुंपणाच्या कडेने एका ओळीत लावतात आणि मग तक्रार करतात की कणसे अर्धी रिकामी आली. कारण साधे आहे. मक्याचा तुरा म्हणजे नर आणि कणसाचे केस म्हणजे मादी. कणसावर जितके दाणे, तितके केस. ज्या केसावर परागकण पडला त्याचाच दाणा भरतो. एका ओळीतला पराग वाऱ्याने बाहेर उडून जातो आणि केस कोरडे राहतात.

म्हणून मका चौकोनी तुकड्यात लावा. कमीत कमी चार ओळी तरी हव्यातच. बी राखायचे असेल तर सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा वाफा घ्या. हा पाव गुंठ्याहून थोडा मोठा होतो. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन ताटांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले की त्यात सुमारे २५० ताटे बसतात. प्रत्येक ठिकाणी दोन दाणे टोकून पुढे एक रोप ठेवायचे म्हटले, तर बारीक दाण्याच्या मक्याचे ७५ ग्रॅम आणि मोठ्या दाण्याच्या मक्याचे सव्वाशे ग्रॅम बी पुरते.

जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी घ्या. मक्याला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. एवढ्या वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत ३० ते ४० किलो घाला. बी चार-पाच सेंटिमीटर खोल टोका. गोड मक्याचा दाणा नाजूक असतो, तो तीन सेंटिमीटरच्या खाली नको. युरिया द्यायचाच असेल तर संकरित मक्याला या वाफ्यासाठी पाऊण किलो पुरे. तो पेरताना, गुडघ्याएवढा झाल्यावर आणि तुरा येण्याच्या वेळी असा तीन हप्त्यांत द्या. उंच वाढणाऱ्या गावरान वाणाला याच्या निम्माच द्या. जास्त दिला तर ताट माजते आणि पहिल्या वादळात लोळते. गुडघाभर झाल्यावर मातीची भर द्यायला विसरू नका. तुरा, केस आणि दाणा भरणे या तीन वेळांना पाण्याचा ताण पडू देऊ नका.

लष्करी अळी आणि पाखरे

अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि पाठोपाठ महाराष्ट्रात आली. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. ती पोंग्यात बसून पाने कुरतडते आणि लाकडाच्या भुशासारखी विष्ठा टाकते.

मोठ्या शेतात फवारणीचा विचार करावा लागतो. परसात मात्र तुमचे डोळे हेच मोठे औषध. रोप उगवल्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी प्रत्येक पोंगा बघा. पानावरचे अंड्यांचे पुंजके बोटाने चिरडा. अळी दिसली तर वेचा आणि पोंग्यात चिमूटभर राख किंवा बारीक वाळू टाका. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच फवारला तर अंडी घालणे कमी होते. कोवळे कणीस पोरेबाळे खाणार आहेत, तेव्हा कणसे धरल्यावर विषारी औषध मारू नका.

दाणा भरताना पोपट आणि खारी येतात. राखायच्या कणसांवर त्याच ताटाची पाने गुंडाळून सुतळीने बांधा किंवा कागदी पिशवी चढवा.

वारा काय करतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बहुतेक पिकांत बापाचा गुण पुढच्या पिढीत दिसतो. मक्यात तो त्याच कणसाच्या दाण्यात, त्याच हंगामात दिसतो. पांढऱ्या मक्याच्या केसावर पिवळ्याचा पराग पडला की तो दाणा पिवळा होतो. गोड मक्यावर साध्या मक्याचा पराग पडला की तो दाणा पिठूळ होतो आणि गोडी जाते. म्हणजे तुम्ही बी उत्तम घेतले, खतपाणी केले, पण शेजारी चाऱ्यासाठी 'आफ्रिकन टॉल' किंवा धान्याचा संकरित मका त्याच दिवसांत तुऱ्यात आला, तर तुमची चव तुमच्या हातात राहिली नाही.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, अंतर. दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर, जमल्यास ४०० मीटर दूर लावा. गावात हे नेहमी जमत नाही.

दुसरा, वेळ. शेजाऱ्याला विचारा, तो मका केव्हा पेरणार आहे. त्याच्या आणि तुमच्या फुलोऱ्यात तीन ते चार आठवड्यांचे अंतर पडेल असा बेत करा. उन्हाळी हंगामात मात्र सावध राहा. ऊन वाढत गेले की मागून पेरलेला मका भराभर वाढून पुढच्याला गाठतो. तेव्हा पेरणीत चार आठवड्यांहून कमी अंतर नको.

तिसरा, हाताने परागीकरण. हे काम घरातली बाई किंवा शाळकरी मूलसुद्धा करू शकते. कणीस दिसू लागले, पण केस बाहेर आले नाहीत, अशा वेळी त्यावर कागदी पिशवी चढवा. केस बाहेर पडून दोन-तीन दिवस झाले की आदल्या संध्याकाळी काही ताटांच्या तुऱ्यांवर पिशव्या बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास तुरा पिशवीतच हलवा. पिवळी भुकटी पडेल. अनेक तुऱ्यांची भुकटी एकत्र करा, कणसावरची पिशवी क्षणभर उघडून केसांवर शिंपडा आणि लगेच पुन्हा झाका. पराग काही तासच जिवंत असतो, तेव्हा दिरंगाई नको. त्या कणसाच्या देठाला लाल दोरा बांधा. लाल दोरा म्हणजे हे कणीस बियाण्याचे.

परसात दोन-तीन प्रकार एकदम लावायची हौस असेल तर याच रीतीने बी शुद्ध राहील. नुसते खाण्यासाठी असेल तरी गोड मका आणि लाह्यांचा मका एकाच वेळी फुलू देऊ नका.

चव केव्हा आणि कशी घ्यावी

केस बाहेर पडल्यापासून दिवस मोजा. साधारण १८ ते २२ दिवसांनी कणीस खाण्याजोगे होते. थंडीत दोन-चार दिवस अधिक लागतात. केस सुकून तपकिरी झालेले असावेत आणि कणीस टोकापर्यंत भरलेले हाताला लागावे. मग साल थोडी बाजूला करून दाण्यावर नख मारा. पाण्यासारखा रस आला तर कोवळे आहे. दुधासारखा आला तर आज खा. नख बसलेच नाही तर ते निबर झाले, आता वाळू द्या.

गोड मक्याला तर घड्याळ लावूनच काढावे. तोडल्याबरोबर त्यातली साखर पिठात बदलू लागते. जुन्या जातीचा गोड मका तीस अंश उष्णतेत एक दिवस ठेवला तर निम्मी साखर जाते. नव्या अतिगोड संकरित जाती जास्त टिकतात. म्हणून आधी चुलीवर पाणी ठेवा आणि मग कणीस तोडायला जा.

पहिला घास मीठ, लिंबू, तिखट न लावता घ्या. मिठामिरचीखाली सगळे मके सारखेच लागतात. गावरान कणीस निखाऱ्यावर सालासकट भाजले तर त्याला दाट, पिठूळ गोडी येते आणि ते पोटाला आधार देते. चिकट मका वाफवून खावा. तो फार गोड नसतो, पण दातांना चिकटणाऱ्या नव्या तांदळाच्या भातासारखी त्याची मजा आहे. जांभळा मका भरपूर पाण्यात उकडू नका, रंग सगळा पाण्यात उतरतो. तो वाफवा किंवा भाजा. उकडलाच तर ते पाणी फेकू नका. पेरू देशात याच पाण्यात फळे आणि मसाला घालून सरबत करतात. त्यात लिंबू पिळले तर रंग लालभडक होतो आणि पापडखार पडला तर निळसर-हिरवट.

लाह्यांच्या मक्याला घाई चालत नाही. कणीस ताटावरच पूर्ण वाळू द्या, मग सावलीत टांगा. लाही फुटते ती दाण्यातल्या पाण्याच्या वाफेने. शेकडा तेरा-चौदा भाग ओल असेल तर उत्तम फुटते. घरी ओल मोजायचे यंत्र नसते, तेव्हा दर आठवड्याला मूठभर दाणे कढईत टाकून बघा. लाही चिवट आणि लहान आली तर अजून ओल आहे. बरेच दाणे न फुटता राहिले तर फार वाळले. तसे झाल्यास एक किलो दाण्यांत दोन मोठे चमचे पाणी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दिवसातून दोन-तीनदा डबा हलवा आणि तीन दिवसांनी पुन्हा फोडून बघा.

बियाण्याची कणसे आधी, पोट मागून

वाण बिघडायला वाऱ्याइतकीच आपली जीभही कारण होते. बघा, काय होतं. सगळ्यांत सुंदर कणीस आधी तोडून भाजले जाते, पाहुण्याला दिले जाते. मागे उरतात ती किडकी, अर्धवट, उशिराची. तीच बियाण्याला जातात. म्हणजे दरवर्षी चांगले आपण खातो आणि वाईट पेरतो. दहा वर्षांत वाण उतरणार नाही तर काय होणार?

म्हणून चव घेण्याआधीच, ताटे उभी असताना वाफ्यात फिरा. न लोळणारी, निरोगी, चांगले कणीस धरलेली ताटे निवडून लाल दोरा बांधा. वाफ्याच्या कडेची ताटे घेऊ नका, बाहेरचा पराग तिथे जास्त पडतो. दोन कणसे असलेल्या ताटाचे खालचे कणीस चवीला घ्या आणि वरचे राखा. चव आवडली तर त्या ताटाच्या दोऱ्याला एक गाठ जास्त मारा.

एक-दोन कणसांचे बी कधीच राखू नका, ती कितीही मोठी असोत. मका हे जवळच्या नात्यात लग्न न सोसणारे पीक आहे. थोड्या कणसांवर वाण चालवला तर ताटे खुजी होतात आणि उत्पन्न घटते. निदान तीस-चाळीस कणसे घ्या आणि प्रत्येकातले सारखे दाणे एकत्र करा. टोकाचे आणि बुडाचे सोडून मधले दाणे घ्या.

मग दाणे निवडायला बसा. पांढऱ्या मक्यात एखादा पिवळा दाणा दिसला तर तो बाहेरच्या परागाचा, काढून टाका. गोड मक्यात सुरकुतलेला दाणा शुद्ध आणि फुगीर दाणा मिसळीचा. चिकट मक्याचा दाणा मेणासारखा मंद दिसतो. शंका आली तर दाणा कापून त्यावर औषधाच्या टिंक्चर आयोडीनचा पाण्यात पातळ केलेला थेंब टाका. तांबूस झाला तर चिकट, निळा-काळा झाला तर मिसळ. लाल मक्याचे मात्र डोळ्यांवर सोडू नका. त्याचा लाल रंग बहुधा वरच्या सालीत असतो आणि साल आईची असते. आत बाप कोण, ते बाहेरून कळत नाही. लाल वाणाला पिशव्या आणि दोरा हाच खरा उपाय.

बी पूर्ण वाळवून, कणसांच्या वेण्या घालून चुलीवरच्या धुरात टांगण्याची जुनी रीत चांगलीच आहे. दाणे काढून ठेवायचे असतील तर कोरडी राख मिसळून घट्ट डब्यात ठेवा आणि डब्यावर वाणाचे नाव व साल लिहा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजा. आणि एक करा. थोडे बी गावातल्या दुसऱ्या घरी द्या. एका घरचे बी उंदीर खातात, पाऊस भिजवतो. दोन घरी असले तर वाण जगतो.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याप्रमाणे आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, देवघेव करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्याने जपलेला वाण नोंदवताही येतो. पण कायदा वाऱ्याला अडवू शकत नाही. ते काम तुमचेच.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मका एका ओळीत नको, चौकोनी वाफ्यात लावा.
२. शेजारच्या मक्याची पेरणी विचारून तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा. नाहीतर पिशव्या बांधून हाताने परागीकरण करा.
३. आठवड्यातून दोनदा पोंगे बघा, अळी वेचा.
४. दाण्यातून दूध आले की तोडा आणि गोड मका त्याच तासात खा.
५. लाल दोरा आधी बांधा, निखारे मागून पेटवा.
६. तीस-चाळीस कणसांचे बी मिसळून राखा आणि थोडे शेजारघरी द्या.

तुमच्या घरात, आजीच्या वेळचे, आढ्याला टांगलेले एखादे जुने कणीस अजून असेल तर या हंगामात त्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून बघा. दहा जरी उगवले तरी ते परसात लावा. पहिल्या वर्षी त्यातले एकही कणीस खाऊ नका, आणि बी वाढेपर्यंत शेजारीपाजारी, नात्यात त्याच वाणाचे आणखी दाणे कुणाकडे आहेत का ते शोधून त्यात मिसळा. चव पुढच्या वर्षी घेता येईल. गेलेला वाण मात्र पुन्हा आणता येत नाही.